श्रीखंडी की शेवाळी? अण्णांच्या खोलीचा रंग ठरत नाहीये

उंबरठा
नमस्कार मंडळी. एवढ्याशा गोष्टीसाठी धागा काढावा का हे मलाच कळत नव्हतं, पण घरात गेले दहा दिवस दुसरा विषय नाहीये त्यामुळे काढतेच. माझे वडील (अण्णा, वय ७६) दिवाळीनंतर वाईहून कायमचे आमच्याकडे डोंबिवलीला येतायत. मागची बेडरूम त्यांना द्यायचीय, आजवर ती इस्त्री, सुटकेसा आणि न चालणारी सायकल यांची खोली होती. आता रिकामी केलीये आणि रंग काढायचाय.

खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट. एकच खिडकी, ती पश्चिमेला. समोर गल्लीपलीकडे दुसरी बिल्डिंग आहे, तिने गेल्या वर्षी झगझगीत विटकरी रंग मारलाय. फरशी फिकट क्रीम, छत पांढरंच ठेवणार. पलंगाची डोक्याकडची बाजू उत्तरेच्या भिंतीला.

शेड कार्डमधून दोन रंगांवर येऊन अडकलोय. एक श्रीखंडी (मी), दुसरा फिकट शेवाळी, ते इंटरनेटवर सेज सेज म्हणतात तो (नवरा). भाऊ पुण्याहून व्हॉट्सॅपवर म्हणतो पांढरा द्या आणि मोकळे व्हा. अण्णांना फोनवर विचारलं तर म्हणाले तुम्हाला आवडेल तो द्या, मला काय करायचंय. म्हणजे झालंच.

अनुभवी लोकांनी सांगा, कुठला?

चहाबिस्कीट
रुमाल टाकतोय. श्रीखंडी वाचून भूक लागली.

ठिपक्यांची_रांगोळी
मी शेवाळीच्या बाजूने. पश्चिमेची खोली म्हणजे दुपारी तापणार, तिथे पिवळट रंग दिला तर अजून उकडल्यासारखं वाटेल. आमच्याकडे हॉलला असाच क्रीम होता, मार्च ते मे नुसतं बघूनच घाम यायचा. आता फिकट हिरवट दिलाय, डोळ्यांना थंड वाटतं. सगळीकडे लिहिलेलं असतं की पश्चिम नि दक्षिणेला थंड रंग, उत्तरेला उबदार.

कोयनाकाठ
माझे वडील रंगकाम करायचे आणि सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली भिंती घासलेल्या आहेत, त्यामुळे थोडं बोलतो.

पहिली गोष्ट, शेड कार्डवरून ठरवू नका. ती चिकटपट्टीएवढी पट्टी असते आणि तिच्या आजूबाजूला पांढरा कागद असतो. चार भिंतींवर तोच रंग गेला की भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि तो गडद वाटायला लागतो. वडील गिऱ्हाइकाला कायम सांगायचे, जो आवडलाय त्याच्या एक घर वरचा, म्हणजे फिकट घ्या. ऐकायचे नाहीत लोक, मग दुसऱ्या दिवशी म्हणायचे अहो हा जास्तच आलाय.

दुसरी, ओला रंग बघून घाबरू नका. प्लास्टिक पेंट म्हणजे इमल्शन ओलं असताना दुधाळ असतं, वाळल्यावर थोडं गडद होतं. चुन्याचं आणि डिस्टेंपरचं उलटं, ओलं असताना गडद, वाळलं की उजळ. आमच्याकडच्या एका बाईंनी पहिला हात मारतानाच काम थांबवलं होतं, हा माझा रंगच नाही म्हणून. संध्याकाळी बघितलं तर तोच होता.

आणि रंगाच्या आधी भिंत बघा ताई. पश्चिमेची म्हणजे पावसाच्या माऱ्याची. ओल आहे का? पोपडे निघतायत का, खाली पांढरी पावडर फुटलीये का? असेल तर श्रीखंडी लावा नाहीतर बासुंदी, पुढच्या श्रावणात गळून खाली येणार.

उंबरठा
ओल खिडकीच्या खाली हातभर जागेत आहे. रंगकाम करणारा म्हणाला लांबी (म्हणजे पुट्टी) भरली की कळणार पण नाही.

कोयनाकाठ
कळणार नाही, सहा महिने. तो पैसे घेऊन जाईपर्यंत नक्कीच नाही. तुम्ही असं करा, प्लास्टिकचा जाड कागद फूटभर कापून त्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि एक दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूने पाणी धरलं तर ओल आतून येतेय. खोलीच्या बाजूने धरलं तर हवेतला दमटपणा. आतून असेल तर आधी बाहेरून खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी भरून घ्या आणि भिंत सुकू द्या, मग लांबी, मग प्रायमर, मग काय तो रंग. घाई केली तर क्षार रंगाला आतून ढकलतात.

लीड्सची_थंडी
ठिपक्यांची_रांगोळी, तुमचा मुद्दा चूक नाही पण त्या दिशांच्या सल्ल्यांबद्दल एक सांगायचं होतं. ते 'उत्तरेची खोली थंडगार निळी वाटते, तिला उबदार रंग द्या' हे इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या लोकांनी इथल्यासाठी लिहिलंय. मी राहते ते गाव जवळपास ५४ अंश अक्षांशावर आहे, आमच्या उत्तरेच्या खोलीत डिसेंबरात दुपारी तीनला दिवा लागतो, तिथे पिवळा रंग म्हणजे औषध आहे. डोंबिवली १९ अंशावर. तिथे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारी सूर्य चक्क उत्तरेच्या बाजूला असतो. माहेरी नाशिकला उत्तरेची खोली ही घरातली सगळ्यात भांडणाची खोली होती, उन्हाळ्यात सगळ्यांना तिथेच झोपायचं असायचं. त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे आणताना जरा अक्षांश बघून आणावा.

ठिपक्यांची_रांगोळी
अक्षांश बघून :) बरं बाई. पण पश्चिमेचं ऊन तर खरंय ना?

लीड्सची_थंडी
ते खरंय, शंभर टक्के.

उंबरठा
फोटो टाकतेय. डावीकडे श्रीखंडी, उजवीकडे शेवाळी, दोन्ही दुकानातल्या मोठ्या कार्डवरून. पहिला फोटो सकाळचा, दुसरा दुपारचा, तिसरा रात्री ट्यूब लावून.

चहाबिस्कीट
तिन्ही फोटोंत मिळून मला सहा रंग दिसतायत.

फुटपट्टी
कारण मोबाइल प्रत्येक फोटोत पांढरं काय ते स्वतःच ठरवतो आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे सरकवतो. फोटोवरून रंग विचारू नये, सांगू नये. मी इंटिरियरची कामं करते आणि क्लायंटला हे रोज सांगते, तरी रात्री अकरा वाजता फोटो येतोच.

पण फोटोत एक कामाची गोष्ट दिसली. सकाळच्या फोटोत शेवाळी मातकट झालाय आणि श्रीखंडी जर्दाळूसारखा. ते मोबाइलमुळे नाही फक्त. समोरच्या बिल्डिंगची तुमच्याकडची भिंत पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळचं ऊन तिच्यावर पडतं आणि विटकरी होऊन तुमच्या खिडकीतून आत येतं. हिरव्यावर नारिंगी उजेड पडला की हिरवा मरतो. दुपारनंतर ती भिंत सावलीत जाते आणि तुम्हाला थेट ऊन मिळतं, तेव्हा दोन्ही रंग आपापल्या जागी येतील. म्हणजे तुमच्या खोलीला दिवसातून दोन वेगवेगळे उजेड आहेत आणि त्यातला एक शेजाऱ्याचा आहे.

तिसरा उजेड रात्रीचा. अण्णांच्या खोलीत कुठला दिवा लावणार? तीन हजार केल्विनचा पिवळा की साडेसहा हजारचा पांढरा? पिवळ्यात शेवाळी खाकी दिसेल. पांढऱ्यात श्रीखंडी लिंबाळेल. हे आधी ठरवा, रंग नंतर.

अजून एक आकडा शेड कार्डवर किंवा कंपनीच्या साइटवर असतो, एलआरव्ही. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, शंभर म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. तुमच्या दोन शेडचे नंबर बघून सांगाल का?

उंबरठा
बघितलं. श्रीखंडी ७८, शेवाळी ५६.

दिव्याबद्दल अण्णांना विचारलं. ते म्हणाले पिवळा अजिबात नको, पिवळा उजेड म्हणजे व्होल्टेज गेल्यासारखं वाटतं. आयुष्यभर संध्याकाळी सात वाजता बल्ब तांबडा होताना बघितलाय, त्यांना कोण वॉर्म लाइट समजावणार.

कोयनाकाठ
हाहा, आमच्याकडे पण सेम. गावाकडच्या माणसाला वॉर्म लाइट म्हणजे एमएसईबीची आठवण.

फुटपट्टी
मग मधला घ्या, चार हजारचा. ७८ आणि ५६ म्हणजे बराच फरक आहे. एका खिडकीच्या खोलीत चारही भिंती ५६ केल्या तर संध्याकाळी लवकर दिवा लावावा लागेल. वय ७६ म्हणालात ना? मग तर नक्कीच.

चष्मा_कुठंय
इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. मी डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण पेशंट बाहेर येऊन काय बोलतात ते सगळं माझ्यासमोर बोलतात.

उंबरठा, अण्णांचे मोतीबिंदू झालेत का? ऑपरेशन झालंय का? हे रंगाच्या धाग्यात का विचारतेय ते सांगते. वय वाढलं की डोळ्यातली भिंगं हळूहळू पिवळी होत जातात, मोतीबिंदूत तर पार चहाच्या रंगाची होतात काहींची. म्हणजे माणूस सगळं जग पिवळ्या काचेतून बघतो, पण ते इतकं हळूहळू होतं की त्याला कळत नाही. निळा उजेड आतच अडतो. ऑपरेशन करून ते भिंग काढून स्वच्छ घातलं की दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर निम्मे लोक पहिलं वाक्य हेच बोलतात, अगं बाई किती पांढरं आहे सगळं, निळंनिळं दिसतंय. एक आजी तर सुनेला म्हणाल्या तुझी साडी ही आहे होय, मी तीन वर्षं वेगळीच समजत होते.

आणि ज्यांचा एकच डोळा झालेला असतो त्यांच्या तर मजाच असतात. एक डोळा झाकून बघा नि दुसरा झाकून बघा, दोन वेगळे रंग. मधल्या काळात बाकावर बसून हाच खेळ चाललेला असतो सगळ्यांचा.

तर मुद्दा असा की तुम्ही आणि तुमचे मिस्टर ज्या दोन रंगांवर भांडताय ते दोन्ही रंग अण्णांना दिसणारच नाहीयेत. त्यांना दुसरेच दोन दिसणार आहेत.

चहाबिस्कीट
__/\__ धागा वसूल.

लीड्सची_थंडी
अवांतर, पण तो फ्रेंच चित्रकार क्लोद मोने, त्याचं पण असंच झालं होतं. १९२३ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नंतर सगळं निळं दिसतं म्हणून वैतागला होता, रंगीत काचांचे चष्मे लावून बघितले. त्याआधीच्या काही चित्रांत सगळं तांबूस तपकिरी दिसतं.

उंबरठा
मी हे वाचून पाच मिनिटं गप्प बसले. अण्णांचा उजवा डोळा ऑगस्टमध्ये साताऱ्याला झाला. डावा जानेवारीत करायचाय. म्हणजे आत्ता या घडीला त्यांचे दोन डोळे दोन वेगळे रंग बघतायत आणि आम्ही इथे दहा दिवस शेड कार्डावर बोटं ठेवतोय.

आणि मला आता आठवलं, गौरी-गणपतीला गेले तेव्हा ते म्हणाले होते की हे घर कुणी रंगवलं, एवढं निळं का. आम्ही हसण्यावारी नेलं होतं. वाईच्या घराला चुन्यात नीळ घालून रंग दिलेला आहे, तो त्यांना इतकी वर्षं पांढराच वाटत असणार!

आजोळ
ओह, चुन्यात नीळ! आमच्या आजोळी पेणला दिवाळीआधी आजोबा पिंपात चुना भिजत घालायचे, आम्हाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत कारण तो खदखदायचा अक्षरशः. मग गाळून त्यात थोडा डिंक आणि निळीची पुरचुंडी. नीळ जास्त झाली की पुढची दिवाळी येईपर्यंत सगळं घर धुतलेल्या धोतरासारखं. खालून दोन फूट गेरूचा पट्टा, पाठ टेकली की शर्टाला लागायचा.

कोयनाकाठ
नीळ घालण्याचं कारण पण तेच आहे, पिवळटपणा मारायला. धोतराला काय आणि भिंतीला काय. आणि तो चुना भिंतीला श्वास घेऊ द्यायचा, ओल आली तरी पोपडे नाही सुटायचे, पावडर होऊन झडायचा फक्त. वडील म्हणायचे चुना खोटं बोलत नाही.

दाणेदार_साय
मी वेगळं मत देतो. हिरवा रंग म्हणजे दवाखाना. वडीलधारा माणूस आधीच घर सोडून येतोय, त्यात हॉस्पिटलच्या खोलीत ठेवल्यासारखं वाटायला नको. श्रीखंडी द्या, किंवा सरळ बदामी.

चष्मा_कुठंय
ऑपरेशन थिएटरमधला हिरवा वेगळा हो, तो गडद असतो. आणि तो उगाच नाहीये, सतत लाल बघून नजर दुसरीकडे नेली की हिरवट डाग तरंगतात डोळ्यापुढे, कपडे नि पडदे हिरवे असले की ते डाग त्यात विरतात. यांचा शेवाळी म्हणजे शिळ्या पिस्त्याचा रंग आहे, त्याला कोण दवाखाना म्हणेल.

दाणेदार_साय
शिळा पिस्ता पण फार आकर्षक वर्णन नाहीये. हलकेच घ्या.

फुटपट्टी
चष्मा_कुठंय यांच्या मुद्द्याला धरून पुढे. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत रंग कुठला यापेक्षा कशाशेजारी कुठला हे जास्त महत्त्वाचं. क्रीम फरशी, क्रीम भिंत, पांढरं बटणांचं बोर्ड, पांढरं दार. रात्री उठल्यावर अण्णांना भिंत कुठे संपते नि फरशी कुठे सुरू होते ते कळणार नाही. बोर्ड चाचपडावा लागेल. माझ्या स्वतःच्या आजीच्या खोलीत मी हौसेनं सगळं ऑफव्हाइट केलं होतं आणि ती दोनदा दाराच्या कडेला आपटली. तेव्हा कुणी मला हे शिकवलं नव्हतं.

दाराची चौकट, खालची स्कर्टिंगची पट्टी, बोर्डाच्या भोवतीची जागा, इथे भिंतीपेक्षा ठळक फरक पाहिजे. चौकट पॉलिशची लाकडी असेल तर सोन्याहून पिवळं, तिला पांढरा ऑइलपेंट मारू देऊ नका. बाथरूममध्ये पण, पांढऱ्या टाइलवर पांढरं कमोड ही सगळ्यात वाईट जोडी.

आणि फिनिश मॅट घ्या. चकचकीत भिंतीवर खिडकीचा आणि दिव्याचा झोत उमटतो, मोतीबिंदूवाल्या डोळ्याला तो फार खुपतो. पूर्ण मॅटवर हाताचे डाग पडतात हे खरंय, त्यामुळे पुसता येण्यासारखं चांगल्या प्रतीचं मॅट घ्या, थोडे पैसे जातील.

उंबरठा
चौकट सागवानी आहे. रंगवाल्याने तिला पांढरा ऑइलपेंट कोटेशनमध्ये धरलेला होता, आत्ताच फोन करून काढायला लावला. तो म्हणाला मॅडम पांढरं क्लीन दिसतं. म्हटलं दिसू दे.

नमुना कसा लावायचा तेवढं सांगा. सरळ भिंतीवर पॅच मारू?

कोयनाकाठ
भिंतीवर नको, जुन्या रंगाच्या मध्ये नवा पॅच कायम खोटा दिसतो. तुमची आत्ताची भिंत कसली आहे?

उंबरठा
फिकट गुलाबी. विचारू नका.

कोयनाकाठ
मग तर मुळीच नको, गुलाबीशेजारी शेवाळी भडक हिरवा दिसेल. दोनशे मिलीचे नमुन्याचे डबे मिळतात ते आणा. जाड ड्रॉइंग पेपर घ्या, पूर्ण शीट, त्यावर रोलरने दोन हात, मध्ये तीन-चार तास वाळू द्या. कडेला दोन बोटं पांढरं सोडा. मग ती शीट सकाळी एका भिंतीवर, दुपारी दुसऱ्या, असं फिरवा. खिडकीसमोरची भिंत आणि खिडकीचीच भिंत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, खिडकीच्या भिंतीवर उजेड पडतच नाही ना.

फुटपट्टी
आणि अण्णांना बोलवा. शक्य असेल तर.

चष्मा_कुठंय
बोलवा, पण घासकामाच्या वेळी नको. उजव्याला दोन महिने झालेत म्हणजे तसं काळजीचं नाही, तरी पॉलिशपेपरची धूळ फार बारीक असते. आणि जानेवारीत डाव्याचं झाल्यावर काही आठवडे धूळ, धूर, स्वयंपाकाची फोडणी यापासून लांब ठेवायला सांगतात. सगळा रंग त्याआधी पूर्ण करून टाका, वास जायला पण वेळ मिळेल.

आजोळ
बिल्डिंग किती जुनी आहे? जुने रंगाचे थर घासणार असाल तर पाण्याने ओलं करून घासायला सांगा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत असायला पाहिजे हा नियम २०१६ चा, लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये काय काय असेल सांगता येत नाही, विशेषतः दारं-खिडक्यांवर. घरात लहान मुलं असतील तर त्या दिवसात त्यांना पण बाहेर काढा.

उंबरठा
१९९४ ची बिल्डिंग. ओलं घासायला सांगते. मुलीला मावशीकडे पाठवते, ती खूश आहे.

उंबरठा
तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. मधे ओलीचं प्रकरण निस्तरलं. प्लास्टिक लावून बघितलं, पाणी भिंतीच्या बाजूनेच निघालं, कोयनाकाठ यांनी सांगितलं तसंच. बाहेरून खिडकीच्या वरच्या छज्जाला भेग होती, ती भरून घेतली, भिंत सुकवली.

गेल्या शनिवारी भाऊ अण्णांना घेऊन आला. दोन्ही शीट तयार होत्या. मी काही न सांगता समोर धरल्या. अण्णा म्हणाले दोन्ही बरे आहेत. म्हटलं उजवा डोळा झाका. झाकला. श्रीखंडीकडे बघून म्हणाले हा आणि वरचं छत एकच आहे की. म्हणजे पांढऱ्यात नि श्रीखंडीत त्यांना त्या डोळ्याने काही फरकच नव्हता! शेवाळीला म्हणाले मळका आहे, पायपुसण्यासारखा. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग डावा झाकून उजव्याने बघितलं आणि एकदम शेवाळीवर बोट ठेवलं, हा काय, हा तर चांगला हिरवा आहे, भाताच्या रोपासारखा, पुनर्लागवडीच्या आधीचा.

मग त्यांना मजाच वाटायला लागली. दहा मिनिटं एक डोळा झाकून दुसरा झाकून सगळं घर बघत हिंडले. फ्रिज, पडदे, नात. शेवटी म्हणाले, नव्या डोळ्याला विचारून ठरवू, जुना पण नवा होणारच आहे.

मी म्हटलं ठीक, मग डोक्यामागची भिंत शेवाळी करू आणि बाकीच्या तीन श्रीखंडी, हल्ली तसंच करतात. फुटपट्टी, तुम्ही पण मेसेजमध्ये तेच सुचवलं होतं. तर पलंगाच्या जागी खुर्ची ठेवून त्यावर बसले आणि म्हणाले, डोक्यामागची भिंत मला कशी दिसणार? ती दारातून येणाऱ्याला दिसणार. मला ही दिसणार. आणि समोर दक्षिणेच्या भिंतीकडे हात केला.

फुटपट्टी
इतकी वर्षं मी बेडच्या मागची भिंत गडद करतेय. कुणासाठी करतेय हा प्रश्न खरंच कधी पडला नाही. फोटोसाठीच की.

दाणेदार_साय
अण्णांना सल्लागार म्हणून ठेवून घ्या.

उंबरठा
तर ठरलं असं की दक्षिणेची भिंत शेवाळी, बाकी तिन्ही श्रीखंडी. शेवाळीवर त्यांचं मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि कालनिर्णय. पांढरं कॅलेंडर त्या रंगावर लांबूनही वाचता येतं, हे त्यांनीच शोधलं, माझ्या श्रीखंडी शीटवर धरलं तर कडा दिसतच नव्हत्या. सकाळच्या विटकरी उजेडात शेवाळी अजूनही थोडा मातकट होतो, पण अण्णा सकाळी पाचला उठून गॅलरीत असतात, नऊ-साडेनऊशिवाय खोलीत येत नाहीत आणि आले की पेपर वाचतात. दुपारी दोन ते पाच पडलेले असतात, तेव्हा तो सगळ्यात छान दिसतो.

रंग किती लागेल ते एकदा तपासून द्या कुणीतरी. रंगवाला म्हणतो आठ लिटर.

कोयनाकाठ
आठ?? चौघी भिंती मिळून ४४ फूट घेर गुणिले साडेनऊ, ४१८. दार-खिडकी वजा ३८० धरा. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला शंभर-एकशेवीस चौरस फूट जातं. म्हणजे सगळं मिळून साडेतीन ते चार लिटर. त्यातली बारा फुटी भिंत ११४ चौरस फूट, शेवाळी एक लिटर, अगदी काठावर आहे म्हणून नमुन्याचा उरलेला डबा फेकू नका. श्रीखंडी तीन लिटर, पण चारचा डबा बहुतेक तीन सुट्यांपेक्षा स्वस्तात पडेल, भाव विचारून घ्या. छताचा पांढरा वेगळा. मशीनवर रंग मिसळला की दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे आधी आणून ठेवा म्हणाला तर आणू नका.

आणि एक डबा संपून दुसरा काढायचा असेल तर दोन्ही आधी बादलीत एकत्र करायला सांगा. मशीन तेच, नंबर तोच, तरी केसभर फरक येऊ शकतो आणि तो बरोब्बर भिंतीच्या मधोमध दिसतो.

उंबरठा
खोली झाली. अण्णा मंगळवारी सामान घेऊन आले. चौकट लाकडीच ठेवली, खाली चॉकलेटी पट्टी. नवरा म्हणतो त्याचा रंग जिंकला, मी म्हणते तीन भिंती माझ्या आहेत. डाव्या डोळ्याचं झाल्यावर श्रीखंडी कसा वाटतो ते कळवीन, भिंत बदलणार नाही एवढं आत्ताच सांगून ठेवलंय.

श्रीखंडी पाऊण लिटर उरलाय, तो टिकतो का?

कोयनाकाठ
टिकतो. मोठ्या डब्यात ठेवू नका, आत हवा राहते नि साय धरते. काचेच्या लोणच्याच्या बरणीत काठोकाठ भरा, झाकणाखाली प्लास्टिक घालून घट्ट बंद करा, उन्हात ठेवू नका. वर शेड नंबर, फिनिश आणि तारीख लिहा.

फुटपट्टी
नंबर बटणांच्या बोर्डाच्या प्लेटमागे पण मार्करने लिहून ठेवा. बरणी हरवते, बोर्ड हरवत नाही. प्लेट काढताना मेन स्विच मात्र बंद करा.

चहाबिस्कीट
आणि बरणीवर मोठ्या अक्षरात लिहा हे श्रीखंड नाही.